गंगाळातलं गोडं पाणी

माझी सगळी नोकरी लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेली. तरी दर पावसाळ्यात महिना-दीड महिना असा यायचा, की लोक माझ्या डोळ्यांत बघायचे नाहीत. डोळ्यांची साथ सुरू झालेली असायची. दर्यापूरच्या स्टँडवर ओळखीचा माणूस समोरून आला की आभाळाकडे बघत म्हणायचा, "नमस्कार साहेब. तुमच्याकडे पाहून नाही राह्यलो, राग मानू नका." डोळे आलेल्याकडे बघितलं की आपलेही येतात, ही आमच्या वऱ्हाडातली पक्की समजूत. मी स्वतः ठणठणीत असलो तरी दिवसभर लाल डोळे बघणारा माणूस, तेव्हा थोडीफार साथ माझ्या डोळ्यांत साठलेली असणारच, असा लोकांचा अंदाज. नमस्कार मात्र कोणी चुकवत नसे.

आधी एक खुलासा करतो. मी डॉक्टर नव्हे. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासणारा एक कर्मचारी असतो. चष्म्याचा नंबर काढणं, मोतीबिंदू हुडकून ऑपरेशनच्या यादीत घालणं, डोळ्यात गेलेलं कुसळ काढणं आणि साथीत गावोगाव फिरणं, ही त्याची कामं. हुद्दा लांबलचक आहे, पण तो पूर्ण उच्चारलेला मी फक्त बदलीच्या आदेशात वाचला. लोकांसाठी मी 'डोयेवाले डाक्टर' होतो. मी सुरुवातीला दुरुस्ती करायचो, मग सोडून दिलं. सामान म्हणाल तर एक बॅटरी, एक भिंग, अक्षरांचा तक्ता आणि मलमाच्या ट्यूबा. एवढ्यावर मी अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत अख्खी नोकरी काढली.

माझ्या धंद्याचं एक गिऱ्हाईक मला कायम आठवतं, खरं तर तो स्वतःच दुकानदार होता. सुधाकर त्याचं नाव. स्टँडबाहेर लाकडी फळीवर गॉगल टांगून विकायचा. मृगाच्या सुमाराला मला गाठून हळूच विचारायचा, "साहेब, औंदा डोये कवा येतीन? माल भरून ठेवा लागते." एकदा साथ ऐन जोरात असताना मी त्याच्या दुकानासमोर बसची वाट बघत उभा होतो. एक जण आला, डोळे लालभडक. त्याने फळीवरचा एक गॉगल लावून बघितला, आरशात तोंड वाकडं केलं, परत टांगला. दुसरा लावला, तिसरा लावला. तो गेला आणि शाळेच्या तीन पोरी आल्या. त्यांनीही तेच तिन्ही गॉगल लावून बघितले. मी सुधाकरला म्हटलं, "अरे, तू गॉगल विकतो आहेस की साथ?" तो बिचारा खरंच घाबरला. दुसऱ्या दिवसापासून त्याने पाटी लावली, 'लावून पाहू नये, पाहून घ्यावा.' त्याचा धंदा निम्म्यावर आला, तरी साथ ओसरेपर्यंत त्याने पाटी काढली नाही. या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

तर साथ नजरेने येत नाही. डोळ्यातून जे चिकट पाणी आणि चिपडं येतात, त्यात ती असते. हात डोळ्याला जातो, तोच हात उशीला, टॉवेलला, पदराला, दुसऱ्याच्या गालाला जातो. गावात ती बाजारातून, शाळेतून येते, पण एकदा घरात शिरली की तिला कोणाची गरज लागत नाही, घरच्या मायेवर ती जगते. आई एकाच पदराने चार पोरांची तोंडं पुसते. परतवाड्याला असताना मी एक बाई बघितली होती. ती एका बोटाने थोरलीपासून तान्ह्यापर्यंत ओळीने काजळ घालायची. मी काजळाची डबी फेकायला लावली. बाई समजूतदार, तिने त्याच संध्याकाळी तुपाचा दिवा लावून ताजं काजळ धरलं. पुढच्या खेपेला गेलो तर डबी नवी होती, बोट तेच होतं.

अशा अनुभवांतून मी माझं एक भाषण तयार केलं होतं. ते फार छोटं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. "साफ पाण्यानं डोळे धुवा, दिवसातून पाच वेळा. साफ कापडानं पुसा. डोळ्यात काही गावठी घालू नका. मी देतो तेवढंच मलम लावा." प्रत्येक दारात उभा राहून मी हे म्हणायचो. आठवड्याने परत जायचो. घरात नवे रोगी निघाले, तर माझ्या रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात लिहायचो, 'सूचना पाळल्या नाहीत.' हे चार शब्द... नाही, तीनच शब्द, मी किती वेळा लिहिले असतील याची मोजदाद नाही. मोजदाद नाही तेच बरं.

आता त्या घराकडे येतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

दर्यापूरहून शेअर जीपने अर्ध्या तासावर एक गाव आहे. खारपाणपट्ट्यातलं. बाहेरच्यांसाठी सांगतो, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावतीचा पश्चिमेचा भाग आणि अकोल्याचा बराचसा, जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. प्यायचं पाणी, म्हणजे गोडं पाणी, नळयोजनेतून यायचं आणि पाच-सहा दिवसांतून एकदा यायचं. मी अकोल्यात वाढलेला, मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं आणि माझ्या भाषणात मात्र ते कुठेच नव्हतं.

ती वर्षंच वाईट होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. गावात सरकारी जीप शिरली की पारावरची माणसं उठून उभी राहायची. एकदा एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "कोनाच्या घरचा पंचनामा हाये, साहेब?" मी म्हटलं, "पंचनामा नाही बाबा, डोळे तपासायला आलोय." त्याने मोठा सुस्कारा सोडला आणि तो पुन्हा पारावर टेकला. तालुक्याला मोठमोठी पथकं येत होती, कागद भरून नेत होती. अशा दिवसांत लाल डोळ्यांना कोण विचारतो? आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होणारे डोळे. बहुतेकांचे होतातही. पण काही डोळे असे असतात, की त्यांना एवढाही धक्का परवडत नाही.

शमीमबीचा डोळा तसा होता. एकच होता. डावा डोळा लहानपणी असाच आला होता, कोणीतरी त्यात कसल्या पाल्याचा रस पिळला आणि बुबुळावर पांढरं फूल पडलं. उजव्या डोळ्यावर ती शिवणकाम करायची. चाळिशीची बाई, तोंडाने फटकळ, हाताला विलक्षण सफाई. गावातले शाळेचे गणवेश तिच्याकडे असायचे. एरवी नवं कापड कमीच, त्या वर्षांत लोक जुनंच उसवून, उलटवून शिवून घ्यायचे. नवरा रशीदभाई सायकली दुरुस्त करायचा. घरात त्याची आई, शमीमबीची जाऊ नजमा आणि दोघींची मिळून चार पोरं. नजमाचा नवरा धामणगाव रेल्वेला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो सणासुदीला यायचा. म्हणजे घरात आठ माणसं, आणि त्या आठांचा संसार शिलाई मशीनच्या चाकावर चालायचा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन पोरांचे डोळे आले होते. मी भाषण केलं. शमीमबीने ते मशीन थांबवून ऐकलं, मग मला पुन्हा म्हणायला लावलं. म्हणाली, "एक डोया मी गावठी दवाईत गमावला, साहेब. दुसरा तुमच्या सांगन्यावर हाये." मला बरं वाटलं. इतकं लक्ष देऊन माझं भाषण कोणीच ऐकलं नव्हतं.

आठ दिवसांनी गावातल्या आरोग्यसेविकेने वाटेतच सांगितलं, त्या घरात सात जणांना झाले. मी जीपमध्ये बसल्या बसल्या रजिस्टर उघडलं आणि घरात पाय टाकण्याआधीच तो शेरा लिहून टाकला. दहाच्या सुमाराला पोचलो. मशीन बंद होतं. शमीमबी खाटेवर, डोळ्यांवर ओढणी ओढून भिंतीकडे तोंड करून बसली होती. उजेड सहन होत नव्हता. मी ओढणी बाजूला करायला सांगितली, बॅटरी मारली. बुबुळावर, अगदी कडेला, मोहरीएवढा पांढुरका ठिपका होता. बुबुळाला जखम झाली होती.

भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना दोष. मी ओरडलो. "सांगून गेलो होतो ना? पाळायला काय जातं तुमचं? आता दोनच्या जीपने निघायचं आणि दर्यापूरहून अमरावतीची बस धरायची. मोठ्या दवाखान्यात आजच्या आज पोचलं पाहिजे."

"जातो," ती म्हणाली. "पन आदी हे सांगा, आमी काय नाही पाळलं? एक बी गोष्ट सोडली असंन तं दाखवा."

तिने नजमाला हाक मारली आणि अंगणात काय काय केलंय ते मला दाखवायला सांगितलं. ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. तुळतुळीत घासलेलं एक तांब्याचं गंगाळ. त्यात नळाचं गोडं पाणी, उकळून गार केलेलं, वर स्वच्छ फडकं झाकलेलं. खारं पाणी डोळ्यांना झोंबतं, म्हणून त्या घराने प्यायच्या पाण्यातलं पाणी काढून खास डोळ्यांसाठी ठेवलं होतं. शेजारी दोरीवर मलमलचा एक मऊ तुकडा. तोही नजमा रोज सकाळी उकळायची. दिवसातून पाच वेळा नजमा हाक द्यायची, घरातली माणसं ओळीने यायची, गंगाळात हात बुडवून डोळे धुवायची, मलमलने पुसायची, पुढच्याला जागा द्यायची. गोडं पाणी सांडायचं कसं? ते संध्याकाळपर्यंत पुरवायचं होतं.

साफ पाणी, साफ कापड, पाच वेळा. मी सांगितलेलं अक्षर अन् अक्षर त्या घराने पाळलं होतं. असं घर मी नोकरीत दुसरं बघितलं नाही. आणि त्या आज्ञाधारकपणामुळेच दोघांचे सात झाले होते. मी खाली बसलो.

शमीमबीने विचारलं, "आता हे सांगा. अम्माले काहून नाही झालं?"

अम्मा म्हणजे रशीदभाईची आई. आठांतली एकटी तीच बरी होती. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिथूनच म्हणाली, "मेरे कू मुँह धोना अब सरकार सिखाएंगी क्या?" तिने माझं भाषण साफ धुडकावलं होतं. दहा हातांनी ढवळलेल्या पाण्यात ती बोट बुडवायला तयार नव्हती. नमाजाआधी ती आपल्या तोटीच्या लोट्याने हातपाय-तोंड धुवायची, वाहत्या धारेने, तेही खाऱ्या पाण्याने. पुसायला तिची स्वतःची ओढणी. घरात माझं न ऐकणारी एक बाई होती आणि तिचे डोळे पांढरेशुभ्र होते.

मी म्हटलं, "तेच तर. पाणी वरून ओतून घ्यायचं, बुडवायचं नाही. आणि कापड प्रत्येकाचं वेगळं. हे मी सांगायला पाहिजे होतं." पण रशीदभाई ऐकेना. त्याचे डोळे सगळ्यांत आधी बरे झाले होते, त्यामुळे तो जरा जोरात होता. "पानी साफ हाये, साहेब. उकळेल हाये. न् मी तं डोयाले हातच लावत नाही. हे हवेतूनच हाये."

शमीमबी ओढणीआडून म्हणाली, "मी बरी होऊन येईन न् घरी असंच असलं तं पुन्ना होईन. हा एक गेला तं मंग काही नाही. याहिले पटल्याशिवाय मी जीपमंदी बसत नाही." मी तिच्यापुढे हात जोडले, की एकेक तास महत्त्वाचा आहे. ती म्हणाली, "जीप दोनले हाये ना? तवरक काय गाडी मी हाकू? तुमी बसा. मले दिसून नाही राह्यलं. आज तुमचे डोये माये."

मी तिच्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले आणि दर अर्ध्या तासाने घालायचं ठरवलं. मग तिने नजमाकडून मशीनच्या खणातला शिंप्याचा निळा खडू मागवला, कापडावर खुणा करायचा असतो तो. खलबत्त्यात कुटून त्याची पूड करायला लावली. ती पूड रशीदभाईच्या दोन्ही तळहातांना चोळली. म्हणाली, "जा आता. रोजच्यासारखं ऱ्हाय. डोयाले हात लावत नाही ना तू? लावू नको."

त्यानंतरच्या तीन तासांइतकं मी कुठल्याच प्रशिक्षणात शिकलो नाही. रशीदभाई ऐटीत हिंडत होता. तो पाणी प्यायला, त्याने पोराला उचललं, सायकलचं चाक सरळ केलं, मला गूळ घातलेला काळा चहा आणून दिला. शमीमबी मधूनमधून विचारायची, "सांगा साहेब, कोठी कोठी लागलं?" आणि मी सांगत जायचो. माठाच्या झाकणीवर निळं. पेल्यावर निळं. गंगाळाच्या काठाला चार बोटं. मलमलवर तर अख्खा पंजा. धाकट्या पोरीच्या गालावर, तिने उशीत तोंड खुपसलं तेव्हा उशीवर. मशीनच्या चाकावर. नजमाच्या ओढणीच्या टोकाला, आणि त्याच टोकाने तिने पोरीचं नाक पुसलं. एकेक ठिकाण सांगितलं की शमीमबी बोटावर मोजायची आणि 'हं' म्हणायची. ज्या वाटांनी तो खडू फिरत होता, त्यांच्यावर उपाय म्हणून मी आठ दिवसांपूर्वी फक्त मलमाच्या ट्यूबा ठेवून आलो होतो.

एकच्या सुमाराला रशीदभाई समोर येऊन उभा राहिला. "पाह्यलं? तोंडाले कुठी लावला हात?" त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांत, नाकाच्या बाजूला, कपाळावर निळे डाग होते. अम्माच आधी हसली, मग पोरं, मग नजमा. त्याला आरसा दिला. तो आरशात बघून हात धुवायला वळला. गंगाळाकडे निघाला होता, वाटेत थबकला आणि अम्माचा लोटा घेतला.

आणि मग नजमाने तोंडावर ओढणी धरून म्हटलं, "साहेबाच्या चष्म्याले बी हाये ना जी."

मी चष्मा काढला. दांडीवर निळा ठसा. खिशातल्या पेनावर निळं. आणि मलमाची जी ट्यूब घेऊन मी त्या सकाळी घरातल्यांच्या एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्याकडे गेलो होतो, तिच्या टोपणावर, अगदी तोंडाशी, निळं. रशीदभाईच्या हातून चहाचा ग्लास माझ्या हातात आला होता, तेवढं पुरलं. मला एकदम आठवलं, की आठ दिवसांपूर्वी त्या दोन पोरांच्या डोळ्यांत मलम घालून दाखवून तीच ट्यूब घेऊन मी गल्लीतल्या पुढच्या घरी गेलो होतो. त्याच्याही पुढच्या. हात धुवायला गोडं पाणी मागायचा मला संकोच वाटला होता. लोकांच्या प्यायच्या पाण्याला हात कसा लावायचा, हा माझा सभ्यपणा.

मी जे समोर होतं ते शमीमबीला सांगितलं. लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ती म्हणाली, "चला, खडू खरं बोलला."

दोनला एक तास उरला होता. त्या तासात त्या बाईने, डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून, घराची घडी बदलली. कातरणांचं बोचकं उघडायला लावलं. शिवताना उरलेल्या चिंध्यांचं ते बोचकं प्रत्येक शिंप्याकडे असतं. त्यातून नजमाने तिच्या सांगण्यावरून रुमालाएवढे तुकडे कापले, प्रत्येकाचा रंग वेगळा. गणवेशाचा निळा थोरल्या पोराचा, लाल चौकडी धाकटीची, नजमाचा हिरवा. लहान पोरांना वाचता येत नव्हतं, पण रंग कळत होते. भिंतीत हातभर अंतरावर एकेक खिळा ठोकला, म्हणजे कापडाला कापड लागायला नको. गंगाळ अम्माच्या ताब्यात गेलं, त्यात आता तांदूळ ठेवायचे. डोळे धुवायचे ते लोट्याच्या धारेने, आणि धार दुसऱ्याने धरायची. रशीदभाईने मोजून बघितलं, तर धारेला पाणी कमी लागत होतं. मलमाच्या ट्यूबाही मी प्रत्येकाला वेगळ्या दिल्या, शमीमबीने त्यांना त्या त्या रंगाचा दोरा बांधायला सांगितला. आणि माझ्याकडे न वळता म्हणाली, "साहेब, नळी डोयाले टेकवत जाऊ नका. वरून सोडत जा." हे मला अभ्यासक्रमात शिकवलं होतं. तीस डोळे रांगेत असले की विसरायला होत होतं.

दोनच्या जीपमध्ये ती ओढणी ओढून बसली. शेजारी रशीदभाई. कानामागचा निळा डाग त्याच्या धुण्यातून सुटला होता. मी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. जीप हलताना ती फक्त नजमाला म्हणाली, "खिये पाह्यत जा." खिये म्हणजे खिळे.

मी मुक्काम केला. त्या गल्लीतली सगळी घरं पुन्हा केली, प्रत्येक दारात आधी हात धुतले, गोडं पाणी निर्लज्जपणे मागून. भाषण केलं नाही. विचारलं, "पाणी कुठून येतं? कोण भरतं? धुता कसे, दाखवा." दोन घरांत गंगाळ सापडलं, एका घरात बादली. रजिस्टरातला शेरा मी खोडला नाही, कारण खाडाखोड चालत नाही. त्याच्याखाली लिहिलं, 'रुग्णाने सर्व सूचना पाळल्या. सूचना अपुऱ्या होत्या.' वरिष्ठांनी तपासणीत त्याखाली लाल प्रश्नचिन्ह काढलं, त्याचं उत्तर मी कधी दिलं नाही. तिसऱ्या दिवशी माझेच डोळे आले. सुधाकरने मला गॉगल दिला, पैसे घेतले नाहीत, आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "तुमाले बी, साहेब?"

अमरावतीहून खबर मिळेना. त्या काळी फोन गावात एकाच दुकानात होता. मोठ्या दवाखान्यात चौकशी केली तर कळलं, बाई बरेच दिवस भरती होती, मग घरी सोडली. डोळ्याचं काय, हे त्या माणसाला माहीत नव्हतं. मला गावात जायचं धैर्य होईना. हे कबूल करतो. दुसऱ्या गावांचे दौरे मी आधी लावून घेतले, तिथे कातरणांचा आणि खिळ्यांचा उपाय सांगत फिरलो. काही ठिकाणी तो रुजला, एका गावी सगळे रुमाल एकाच दोरीवर एकावर एक वाळत घातलेले बघितले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पण शमीमबीच्या गल्लीकडे पाय वळत नव्हते. तिचा भरवसा माझ्या सांगण्यावर होता, हे वाक्य मला जेवताना आठवायचं.

पोळ्यानंतर एकदाचा गेलो. दारातूनच दिसलं, ती मशीनजवळ बसली होती, काळा गॉगल लावून. मशीन चालू नव्हतं. मांडीवर कापड होतं, पण हात स्थिर होते. विचारावं कसं, कळेना. घरातली बाकी माणसं कशी आहेत ते विचारलं. तिने सांगितलं, ती गेल्यापासून एकालाही पुन्हा झालं नव्हतं, नजमाचा नवरा येऊन राहून गेला, त्यालाही नाही. अम्मा ओट्यावरून म्हणाली, "सब मेरे लोटे की करामत."

"आदी हात धुवा," शमीमबी म्हणाली. "मंग बोलू."

नजमाने लोट्याची धार धरली. मी हात धुतले आणि ओल्या हातांनी भिंतीकडे वळलो. खिळ्यांवर रंगीत कापडं ओळीने लटकत होती. मी हाताला आलं ते घ्यायला गेलो.

अंगणाच्या पलीकडून, मशीनजवळून आवाज आला, "थो नाही, थो हिरवा नजमाचा. शेवटचा घ्या, राखाडी. बारीक रेघेचा."

मी हात तसाच धरून उभा राहिलो. राखाडी कापडावरची रेघ इतकी बारीक होती, की मला ती दोन हातांवरून चष्म्यातून जेमतेम दिसली. मी वळून बघितलं. तिने गॉगल कपाळावर सारला होता आणि सुईत दोरा ओवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हात ओले म्हणून पुसताही येईना.

मग मी खिळे मोजले. नजमाचा धामणगावचा नवरा धरून माणसं नऊ होती, खिळे दहा होते. मी म्हटलं, "माझा कशाला ठेवलात? मी काय या घरातला आहे?"

दोरा दातांनी तोडत शमीमबी म्हणाली, "साथ तं तुमी बी आनली व्हती ना, साहेब. मंग खिया नको का?"

मी राखाडी कापड काढलं, आधी हात पुसले, आणि मग डोळे.